भाजलेल्या मातीतली मेथी

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सगळ्या जगात एकच वस्तू खावीशी वाटत होती, आणि नेमकी तीच खायला सरकारनं मनाई केली होती. कोवळी, कच्ची मेथी. शिजवलेली नव्हे. शिजणाऱ्या मेथीचा वास आला की मी तोंडाला पदर लावून परसात धावायची. मला हवी होती कच्ची, नीट निवडलेली, वरून तिखट-मीठ भुरभुरलेली, करडईच्या कच्च्या तेलात माखलेली, आणि सोबत तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी. हे लिहितानासुद्धा तोंडाला पाणी सुटलं. माझी जीभ काही माझ्याबरोबर म्हातारी झालेली नाही.

आमचं घर पिंगळीला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. राज्य निजामाचं. घरात माणसं तीनच. हे परभणीच्या शाळेत मास्तर होते, सकाळच्या गाडीनं जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचे. दुसऱ्या माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. आणि तिसरी मी, जिंतूरकडची, लाडात वाढलेली आणि तोंडानं फटकळ. सासरी तोंड आवर, असं आईनं निघताना बजावलं होतं. मी आवरत होते. पण पोटुशीपणात ते भल्याभल्या बायकांना जमत नाही, मला कुठलं जमायला!

भाद्रपदाचे दिवस होते. कुठल्याशा जत्रेहून परतलेल्या लोकांबरोबर पटकी आसपासच्या गावांत शिरली होती. एके दिवशी सकाळी गावचा कोतवाल हलगी वाजवत आमच्या आळीत आला. "ऐका हो ऐका! सरकारचा हुकूम हाय! हैज्याची बिमारी आलीय! मेथी, पात, कोथमीर, कसलाच कच्चा पाला कुनी खायाचा न्हाई! पानी उकळून पेयाचं! जो ऐकनार न्हाई त्याचं तो बघंल!" शेवटचं वाक्य सरकारचं नसावं, कोतवालाचं स्वतःचं असावं. मी उंबऱ्याशी उभी होते. मला वाटलं, ह्या माणसाला हैदराबादेहून खास माझ्यासाठीच पाठवलंय.

त्याच्या मागोमाग दवाखान्याची माणसं आली आणि त्यांनी गावच्या विहिरीत लाल औषध टाकलं. दुसऱ्या दिवशी बायका पाण्याला गेल्या तर पोहऱ्यात गुलाबी पाणी. झालं! असलं रंगीत पाणी देवाला कसं वाहायचं आणि पोराबाळांना कसं पाजायचं? सगळ्या आळीनं विहीर सोडली आणि घागरी घेऊन ओढ्याची वाट धरली. त्याच ओढ्यावर आजाऱ्यांची धुणी धुतली जात होती. त्याच ओढ्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या माळीणबाईचे मेथीचे वाफे होते आणि तेच पाणी त्या वाफ्यांना जात होतं. ह्यांनी घरी येऊन ते सगळं समजावून सांगितलं. पाला शिजवला तर भीती नाही, पण कच्चा तोंडात घालायचा नाही, म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही परभणीला जेवता त्या खाणावळीत विचारा, तिथं तरी कच्ची मेथी मिळते का." हे हसले. आत्याबाई हसल्या नाहीत.

आत्याबाईंची अडचण दुहेरी होती. पोटुशीचे डोहाळे अपुरे राहिले की लेकराचा कान वाहतो, ही त्यांची पक्की समजूत. आळीत एका मुलाचा कान सदा वाहायचा, तो दिसला की त्या हळूच म्हणायच्या, "त्याच्या मायला सीताफळ दिलं न्हाई कुनी." म्हणजे मला मेथी देणं भाग होतं. आणि देताही येत नव्हती. कारण ह्यांची थोरली बहीण अशीच पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली असताना मागच्या पटकीत गेली होती. पोटातल्यासकट गेली. ह्यांनी मला ते एकदाच सांगितलं होतं, आणि आईजवळ तो विषय काढू नकोस असंही सांगितलं होतं. मग मी मेथीचं नाव काढलं की आत्याबाईंचा चेहरा कसनुसा व्हायचा. माझं पोर कान वाहणारं व्हावं, की मी आणि पोर दोघंही हातची जावीत, एवढाच त्यांच्यापुढं प्रश्न होता. आणि मी वेडी, त्यांच्यावर फुरंगटून बसत होते.

आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. मनानं मऊ, जिभेनं मोकळ्या आणि सरकारवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एका दुपारी आत्याबाई परसात असताना त्या पदराखाली जुडी लपवून आल्या. "खा गं सूनबाई, पटकन खा. सरकारचा हुकूम सगळ्यांला आसंल, पोटुशीला न्हाई." जुडी इतकी कोवळी होती की देठसुद्धा दातांखाली कुरकुरले असते. मी दोन पानं खुडली. तोंडापर्यंत नेली. तेवढ्यात मागून आवाज आला, "कुठली हाय, वैनी?"

"वड्याकाठची. लय कवळी हाय बगा," काकू म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

आत्याबाईंनी माझ्या हातातली पानं काढून घेतली, जुडी घेतली, आणि एक शब्द न बोलता ती चुलीवर उकळत असलेल्या वरणात चिरून टाकली. काकूंना त्यांनी वाटीभर डाळ-मेथी बांधून दिली. मला काय दिलं? काही नाही. मी वासानंच परसात पळाले होते. तिकडं मी मनातल्या मनात त्यांना जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी शेतातून टोपलंभर काळी माती आणवली. चुलीवर मोठी कढई ठेवली आणि त्या माती भाजायला बसल्या. रवा भाजावा तशी, उलथन्यानं खालवर करत, धूर डोळ्यांत जात असताना. मी विचारलं, "आत्याबाई, काय करायलात?"

"दिसंना का? माती भाजायले."

"कशाला?"

"उकळल्यानं पानी चांगलं हुतं मनतो ना तुजा मास्तर? मग मातीनं काय पाप केलंय?"

संध्याकाळी हे घरी आले तर कढईत माती. ते पोट धरून हसले. म्हणाले, "आई, आता मातीला फोडणी पण दे, जिरं टाक." पण आत्याबाईंनी वर पाहिलं तेव्हा ह्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. ते उठले आणि त्यांनी स्वतः पाणी उकळायला ठेवलं.

भाजलेली माती निवल्यावर आत्याबाईंनी ती टोपल्यात पसरली. मेथीचे दाणे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवले आणि पेरले. टोपलं ठेवलं देवघराच्या खिडकीखाली, कारण घरात ऊन तेवढंच यायचं. त्यावर धुतलेलं पांढरं फडकं. पाणी घालायचं ते अंघोळ करून, ओलेत्यानं, उकळून निवलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन. शिवाशिव चालायची नाही. मीसुद्धा लांबूनच बघायचं. हिरवे मोड वर आले त्या दिवशी आत्याबाईंनी मला खिडकीशी बोलावलं आणि फडक्याचा कोपरा उचलून दाखवला. "बग," म्हणाल्या, "तुजी मेथी." मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. लाजेनं पडले नाही.

आता माझं सांगणं नीट ऐका. टोपलं, काळी माती, हिरवे मोड, देवघर, पांढरं फडकं, ओलेत्यानं घातलेलं पाणी. आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं हे दारातून पाहिलं तर तिला काय वाटेल? घट बसवलाय, दुसरं काय! काकूंनी दारातून पाहिलं. नवरात्राला अवकाश, पितरांचा पंधरवडा तोंडावर, आणि मास्तरांच्या घरी अवेळी घट. तेव्हा हा साधासुधा घट नाही, पटकी हटावी म्हणून आत्याबाईंनी देवीला घातलेलं साकडं आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. आणि काकूंना एखादी गोष्ट कळली की ती आळीला कळायला दवंडी लागत नसे.

मेथी बोटभर झाली. उद्या खुडायची असं आत्याबाई म्हणाल्या आणि भाकरीसाठी ताजं पीठ हवं म्हणून ज्वारी पाखडायला परसात गेल्या. मी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, जीव नुसता मेथीत अडकलेला. इतक्यात काकू आल्या. त्यांच्यामागं आणखी बायका. सगळ्यांच्या हातात हळद-कुंकवाच्या वाट्या, फुलं आणि पाण्याचे तांबे. आमच्याकडं घटाला नमस्कार करताना जी ती बाई आपल्या हातानं थोडं पाणी घालते.

मी धडपडत उठले. "काकू, ती मेथी हाय हो!" म्हटलं.

"आसू दे की, देवीला कायबी चालतं," काकू म्हणाल्या आणि आत शिरल्या.

आता ह्या सगळ्या वडीलधाऱ्या बायकांसमोर मी नव्या सुनेनं कसं सांगावं की ही देवी नाही, ही माझी भाजी आहे? माझी एरवीची फटकळ जीभ त्या दिवशी टाळ्याला चिकटली. मी दारातच घुटमळत राहिले. फडकं बाजूला झालं, माझ्या कोवळ्या पानांवर हळद पडली, कुंकू पडलं, आणि एकेका तांब्यातून पाण्याची धार सुटली. "वड्याचं ताजं पानी आनलंय बगा," एक बाई मोठ्या कौतुकानं म्हणाली, "रंगाचं न्हाई."

गलका ऐकून आत्याबाई सूप तसंच हातात घेऊन आत आल्या. त्यांनी टोपलं पाहिलं. कुंकू दिसताच सवयीनं त्यांचे हात आधी जोडले गेले. मग त्यांच्या लक्षात आलं की काय झालंय, आणि त्या मटकन खाली बसल्या. मला वाटलं आता आळी डोक्यावर घेतील. पण त्या ओरडल्या नाहीत. रडायला लागल्या. कधी नाही ते, बायकांसमोर, डोक्यावरचा पदर घसरलेला असताना.

"माजी लेक अशीच पोटुशी बसली व्हती," त्या म्हणाल्या, "हितंच, ह्याच जागी. तिला मेथीच पायजे व्हती. मी वड्याकाठची कवळी मेथी आनली, तेल-मीठ लावून तिच्या पुढं ठिवली. लय आवडीनं खाल्ली तिनं. मग दोन दिसांत गेली. मेथीनं गेली, का पान्यानं गेली, का तिचं भरलंच व्हतं, देवाला ठाऊक. पर शेवटचा घास माज्या हातचा व्हता. मनून मी ह्या पोरीसाठी माती भाजली."

गेले कित्येक दिवस मी ह्या बाईवर रुसून बसले होते. त्यांना काय वाटत असेल हे मला कळायला हवं होतं, आणि कळलं नव्हतं.

शेवटी काकूच बोलल्या, अगदी बारीक आवाजात. "मग आता कसं करावं, वैनी? कुंकू लागलंय. देवीला आता खाता यायचं न्हाई."

आत्याबाईंनी पदरानं नाक पुसलं. टोपल्याकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं, त्यांच्या हातातल्या तांब्यांकडं पाहिलं. आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "बसवली तर बसवली. आता ती देवीच हाय. पर ह्या देवीला कच्चं पानी चालत न्हाई. उकळून निवल्यालंच लागतं, न्हाई तर कोपती. आन् येगळं तांब्याभर उकळून आनलं तरी चालायचं न्हाई. घरातली समदी ज्या हंड्यातलं पेतात, त्याच हंड्यातलं पायजे. ज्या घरात कच्चा पाला खाल्ला त्या घरानं हितं येयाचं न्हाई."

बायकांनी माना डोलावल्या. देवीचा नेम म्हटल्यावर पुढं प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या आळीत घरोघरी हंडे चुलीवर चढले. कोतवाल हलगी बडवून दमला होता, दवाखान्याची माणसं विहिरीत औषध ओतून गेली होती, ते जमलं नव्हतं. माझ्या मेथीनं जमवलं. माळीणबाईसुद्धा रोज तांब्या घेऊन यायची, आणि आत्याबाई तिच्याकडून रोज जुडी घेऊन खळाखळा शिजवायच्या, तिचं घर चालावं म्हणून. ह्यांना हे सगळं समजलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "सरकारनं माझ्या आईला नोकरीला ठेवायला पाहिजे होतं." पटकी आमच्या आळीत शिरली नाही. ते देवीमुळं की उकळलेल्या पाण्यामुळं, ह्यावर ह्यांचा आणि काकूंचा पुढं जन्मभर वाद चालला.

मी मात्र देवीवर भयंकर चिडले होते. सगळ्या आळीचं भलं झालं, माझी मेथी तेवढी गेली. त्या टोपल्यासमोरून जाताना मी नमस्कारसुद्धा करत नसे.

मग एका दुपारी आत्याबाई शिडी लावून घरावरच्या माळवदावर चढताना दिसल्या. गुडघे आखडलेले, एका हातात तांब्या. खाली उतरल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, "कबुतरं घान करतात, धुवायला गेले व्हते." कबुतरं आमच्या माळवदावर मी कधी पाहिली नव्हती. पण त्या रोजच चढू लागल्या तेव्हा मला सगळं समजलं. त्यांनी पुन्हा माती भाजली होती, मी झोपलेली असताना. दुसरं टोपलं वर होतं, कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली, कुठल्याही काकूच्या नजरेच्या पलीकडं. समजलं तरी मी काही बोलले नाही. आयुष्यात क्वचितच मी एवढा वेळ गप्प राहिले असेन.

ती मेथी तयार झाली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आत्याबाईंनी दार लावून घेतलं. ताटात गरम भाकरी ठेवली. मूठभर मेथी, तिखट, मीठ, आणि वर करडईच्या तेलाची धार. वास असा सुटला की मी ताटापुढं सरकले. मी ताटाकडं हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आज न्हाई."

"म्हणजे?"

त्यांनी ताट आपल्याकडं ओढलं आणि खायला लागल्या. माझ्या डोळ्यांसमोर. सावकाश, एकेक पान चावत, ताट पुसून घेईपर्यंत. मी आ वासून बघत होते. माझ्या डोहाळ्यांची मेथी ही बाई एकटी खाते आहे! मग त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, "वर अजून हाय. उद्या मी धड उठले तर तू खा."

मला आधी नीट उमगलंच नाही. उमगलं तेव्हा मी सासरी आल्यापासून पहिल्यांदा ओरडले. आवरलेलं सगळं तोंड सुटलं. "तुम्हाला काही झालं तर? मला गोड लागेल ती मेथी? कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मला नको ती मेथी! फेकून द्या ते टोपलं! मला तुम्ही पाहिजेत!"

आत्याबाई शांतपणे ताट उचलत म्हणाल्या, "माजं काय! माज्या वाटचं मी खाल्लंय. तुजं अजून हाय."

ती रात्र मी कशी काढली ते सांगत बसत नाही. पहाटे रोज त्यांच्या जात्याच्या आवाजानं मला जाग यायची. त्या दिवशी आपोआप जाग आली, आणि कानोसा घेतला तर जात्याचा आवाज नव्हता. त्यांचं अंथरूण रिकामं होतं. मला वाटलं, परसात उलट्या करत असतील. मी अनवाणी बाहेर धावले. आत्याबाई शिडीवरून उतरत होत्या, एकेक पायरी, ओच्यात मेथी.

"काय झालं?" मला बघून त्याच घाबरल्या. "पोटात दुखायलंय का?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

त्यांनी मला चुलीपाशी बसवलं, भाकरी टाकली, मेथी कालवली आणि ताट माझ्यापुढं ठेवून समोर बसल्या. मी खायला लागले. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, प्रत्येक घासाला, पापणी न हलवता. इतके दिवस जिच्यासाठी जीव टाकला होता ती मेथी कशी लागली ते मला आजही सांगता येणार नाही. मी खात होते आणि डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं.

"तिखट लय पडलं का गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"होय," मी म्हटलं. "जरा जास्तच पडलं."